उवा मोजायला अनुभवी हात हवा

"आत्या, ही तर तुमच्याचसाठी छापलीय!" शेजारची शिंपीण मशीनचं पायडल थांबवून ओरडली आणि पेपर घेऊन उंबऱ्यातच येऊन बसली.

आत्या तेव्हा खिडकीच्या काचा पुसत होती. त्या कालही पुसून झाल्या होत्या, पण हातांना काहीतरी हवं असायचं. तिने फडकं खांद्यावर टाकलं, चष्मा नाकावरून खाली ओढला आणि जाहिरात मोठ्याने वाचली.

"उवा मोजण्यासाठी अनुभवी व्यक्ती हवी. नजर तीक्ष्ण, हात हलका. उलटीचा त्रास नसावा. गमबूट मिळतील. गुरुवारी सकाळी भेटा. धक्क्यावरची पिवळी इमारत."

"उलटीचा त्रास?" आत्या म्हणाली. "उवा बघून उलटी कुणाला होते?"

"नवशिक्यांना होत असेल."

"आणि गमबूट कशाला?"

"अंघोळी घालायच्या असतील. पोरांना अंघोळ घालायची म्हणजे आधी आपण भिजतो."

हे दोघींनाही पटलं. शिवाय पिवळी इमारत दोघींच्या चांगल्या माहितीतली होती. तिथे खलाशांच्या मुलांचं वसतिगृह होतं. बाहेरच्या ओट्यावर हात धुवायच्या नळांची लांबलचक रांग आणि प्रत्येक नळाखाली एकेक ओरडणारं पोर, हे दृश्य आत्याने कित्येकदा पाहिलं होतं. अलीकडे मात्र तिचं धक्क्याकडे जाणं झालं नव्हतं. वसतिगृह बंद होऊन दोन वर्षं झाली होती आणि इमारत एका कंपनीने घेतली होती, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती आत्या मुळात पाचच जणांची. भावाची बायको गेली, भाऊ बोटीवर, आणि दोन खोल्यांत पाच पोरं. आत्या आली ती महिनाभरासाठी, आणि राहिली ती तीस वर्षं. रविवारी सकाळी पाचही जणांना मागच्या पायऱ्यांवर उंचीप्रमाणे बसवायची, मांडीवर पांढरा टॉवेल पसरायची आणि एकेकाचं डोकं हातात घ्यायची. तिच्या बोटांत काय होतं कोण जाणे, ओढलं तरी दुखायचं नाही. मारामारी करून आलेलं पोरही तिच्या मांडीवर पाच मिनिटांत पेंगायला लागायचं. हळूहळू गल्लीतली डोकीही येऊ लागली. "जा, आत्याकडे बसून ये," असं बायका आपापल्या मुलांना सांगायच्या आणि दुपारभर घरात शांतता मिळवायच्या. किती निघाल्या याचा आकडा आत्या न चुकता घरी कळवायची. "सतरा म्हणजे सतरा," ती म्हणायची. "सोळा सांगितल्या तर ती एक परत सतरा करेल."

मग पाचही जणं मोठी झाली, पाच दिशांना गेली. गल्लीत नवी शाम्पूची पुडी आली, पोरांचे केस बारीक झाले. धाकटी भाची सगळ्यात शेवटी गेली. जाताना तिने केस खांद्यापर्यंत कापून घेतले होते. आत्याने त्यावरून हात फिरवला तर तो निम्म्यातच संपला.

"किती वर्षांत माझ्याकडे एक डोकं आलं नाही गं," आत्या शिंपिणीला म्हणाली आणि जाहिरात कापून पर्समध्ये ठेवली.

इथे वाचकांना खरी गोष्ट सांगून टाकायला हवी. जाहिरात माणसांच्या उवांची नव्हतीच. पिवळ्या इमारतीतली कंपनी समुद्रात जाळ्यांचे मोठमोठे गोल पिंजरे टाकून मासे पाळत होती, आणि त्या माशांना उवा झाल्या होत्या. माशांनाही उवा होतात. तपकिरी, चपट्या, तिळापेक्षा थोड्या मोठ्या. त्या अंगाला चिकटतात, कातडी खातात आणि मागे अंड्यांचे दोन बारीक दोरे सोडत फिरतात. दर आठवड्याला प्रत्येक पिंजऱ्यातले वीस मासे काढून उवा मोजायच्या, आणि सरासरी दोनच्या वर गेली की तो पिंजरा रिकामा करायचा, असा सरकारी नियम होता. जाहिरातीत मॅनेजरसाहेबांनी आधी "माशांच्या उवा" असंच लिहिलं होतं. पण छोट्या जाहिरातींना पाचच ओळी मिळत आणि मजकूर सहाव्या ओळीवर जात होता. "'माशांच्या' काढून टाका," साहेब म्हणाले होते. "आपल्याकडे दुसऱ्या कसल्या असणार?"

बुधवारी संध्याकाळी साहेबांना एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. "उद्या तुमच्याकडे उवांची तपासणी आहे. एक बाई येतील. साध्या कपड्यांत येतात, आपण कोण ते आधी सांगत नाहीत. सांभाळा." साहेबांनी रात्रभर तळमळून सकाळी वॉचमनला ताकीद दिली. "उवा तपासायला बाई येतील. त्यांना थेट माझ्याकडे आणायचं. आणि कुणी नोकरीसाठी आलं तर बाकड्यावर बसवायचं."

पावणेनऊला आत्या फाटकात उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पिशवीत टॉवेल आणि बारीक दातांची फणी.

"कशासाठी?" वॉचमनने विचारलं.

"उवांसाठी."

"तपासायला?"

"तपासायलाच. नाहीतर काय करतात त्यांचं?"

वॉचमनने खाडकन सलाम ठोकला आणि आत्याला थेट साहेबांच्या खोलीत नेऊन सोडलं.

साडेनऊला दुसरी बाई आली. केस मागे घट्ट बांधलेले, खाकी पिशवी, चेहऱ्यावर एकही रेघ हलत नाही. वॉचमनने तिलाही विचारलं, "उवा?"

"हो."

"बाकड्यावर बसा. हा फॉर्म भरा. उलटीच्या रकान्यात खरं लिहा, मागच्या वेळी एकाने बोट घाण केली."

तपासनीसबाई बावीस वर्षं नोकरीत होत्या. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे निम्मी तपासणी आपोआप होते, असा त्यांचा अनुभव होता. त्या निमूटपणे बाकड्यावर बसल्या आणि फॉर्म भरू लागल्या.

इकडे आत साहेब हात चोळत उभे होते.

"बसा, बसा. चहा मागवू?"

"चहा नंतर. किती आहेत?" आत्याने विचारलं.

"सध्या सहा पिंजरे भरलेत."

खोल्यांना पिंजरे म्हणणारा हा माणूस आत्याच्या मनातून तिथेच उतरला.

"दाटी आहे?"

साहेबांनी टेबलावरचे कागद उगाच सरळ केले. "थोडी... थोडी आहे."

"मग होणारच! एकाला झाल्या की शेजारच्याला होतात. दाटीवाटीनं कोंबायचं, आणि वर उवा झाल्या म्हणून रडायचं."

सरकारी परिपत्रकात हेच वाक्य होतं, फक्त फार अवघड भाषेत. साहेबांना घाम फुटला.

"अंघोळ कधी घालता?"

"औषधाची ना? महिन्यातून एकदा."

"महिन्यातून! आणि साधी?"

"गोड्या पाण्याची घालावी असं डॉक्टरबाई म्हणतात, पण एवढं पाणी आणायचं कुठून?"

"पाणीसुद्धा नाही! आणि अंघोळीला त्रास देतात का?"

"देतात ना. उड्या मारतात, धडपडतात. दर वेळी थोडे तर..." साहेब घाबरून खरं बोलून गेले, "दगावतातच."

आत्या खुर्चीतून उठली. "दगावतात? आणि कुणाला कळवता की नाही?"

साहेब खुर्चीत बसले. नेमका हाच प्रश्न ते रात्रभर मनात ऐकत होते. "यंदापासून कळवू, बाई. पण कृपा करा, केस नका करू."

"केस बघितल्याशिवाय मी काहीच बोलायची नाही," आत्या म्हणाली. "आधी मला मुलं दाखवा. सगळी. आत्ताच्या आत्ता."

साहेब कामगारांना मुलंच म्हणत. ही बाई आधी कामगारांचे जबाब घेणार, असं समजून त्यांनी घंटा दाबली. दोन मिनिटांत मागच्या शेडमध्ये सात जण रांगेत उभे राहिले. रबरी एप्रन, गुडघ्यापर्यंत बूट, हातांना खवले चिकटलेले. सगळ्यात पुढे नावाडी होता. पन्नाशीचा, दारात मावणार नाही असा, पिकलेल्या मिशांचा.

आत्या बघत राहिली. "ही मुलं?"

"हीच आमची मुलं. अकरा होती, चार सोडून गेली."

आत्याने मनाशी हिशेब केला. खलाशांची मुलं. इतक्या वर्षांत मोठी होणारच. यांना कुणी न्यायलाच आलं नसेल, राहिली असतील बिचारी इथेच. तिने माशांच्या खोक्यावर खोकं ठेवून बैठक केली, मांडीवर टॉवेल पसरला आणि नावाड्याला म्हणाली, "ये रे बाळ. बस खाली."

नावाड्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी डोळ्यांनीच 'बस' म्हणून सांगितलं. कामगारांची स्वच्छता हाही तपासणीचा भाग असेल, असा त्यांचा समज झाला होता. नावाडी बसला. आत्याने त्याचं भलंमोठं डोकं दोन्ही हातांत धरून मागे टेकवलं आणि केसांत बोटं घातली.

"खारं वारं लागून काथ्या झालाय नुसता," ती म्हणाली. "तेल कधी लावलं होतंस?"

"आई होती तेव्हा," नावाडी म्हणाला. थोड्या वेळाने त्याचे डोळे मिटले. रांगेतले बाकीचे सहा जण, जे एरवी दोन मिनिटं गप्प राहत नसत, ते आपापले बूट न्याहाळत उभे राहिले. एकाने हळूच आपला नंबर पुढच्याच्या पुढे सरकवला.

पाऊण तासात सातही डोकी झाली. एकातही काही निघालं नाही. निघालं ते एवढंच की सात जणांपैकी तिघांना उठवावं लागलं.

"सगळी साफ," आत्या बुचकळ्यात पडून म्हणाली. "मग उवा आहेत कुणाला?" तिची नजर फिरत फिरत साहेबांवर येऊन थांबली. "तुम्ही बसा बरं."

"मी? मी मॅनेजर आहे."

"उवांना काय ठाऊक? बसा."

साहेब बसले. आत्याने कानामागचे केस उचलले आणि दुसऱ्याच मिनिटाला नखावर काहीतरी धरून उजेडाकडे नेलं. "ही एक. आणि ही... ही दोन. शाळेत जाणारं लेकरू आहे ना घरी?"

"तीन आहेत," साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

"मग तिघांनाही बघायला लागेल. नऊ आहेत तुमच्या, साहेब. नऊ म्हणजे नऊ."

सातही कामगार एकदम छताकडे बघू लागले. एकाचा एप्रन थरथरत होता.

साहेबांचे केस कढत पाण्याने तीनदा धुवून, वर टॉवेल घट्ट बांधून आत्याने त्यांना खुर्चीत बसवलं. तासभर हलायचं नाही असं बजावलं. आता त्यांना समुद्रावर जाणं शक्य नव्हतं, आणि खरा धोका तर समुद्रावरच होता. चौथ्या नंबरच्या पिंजऱ्याची अवस्था वाईट होती. तिथले आकडे ते गेले चार महिने माशांच्या डॉक्टरबाईंकडून कमी करून लिहून घेत होते.

डॉक्टरबाई तिशीच्या होत्या. घरापासून लांब, भाड्याच्या खोलीत एकट्या राहत. वहीत खोटा आकडा लिहून सही केली की त्या रात्री त्यांना जेवण जात नसे. साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं.

"त्या म्हाताऱ्या बाईंना एक नंबरचा पिंजरा दाखवा. तिथेच रमवा. चार नंबरकडे फिरकू देऊ नका."

"पण चार नंबरची मोजणी आजच करायला हवी, सर."

"ती बाकड्यावरची बाई घ्या ना! घेतली कामावर." आणि साहेब टॉवेल सावरत स्वतःच बाकड्यापाशी गेले. "हे बघा बाई, काम सोपं आहे. जेवढ्या दिसतील त्याच्या निम्म्या लिहायच्या."

"निम्म्या?" तपासनीसबाईंनी विचारलं.

"निम्म्याच्याही थोड्या खाली. आमची पद्धत आहे."

"मी नवीन आहे. लिहून द्याल का? म्हणजे चूक व्हायची नाही."

साहेबांच्या डोक्यातून गरम पाणी कपाळावर ओघळत होतं. त्यांनी फॉर्मच्या पाठीवर घाईघाईने लिहिलं, 'दिसतील त्याच्या निम्म्याहून कमी,' आणि खाली सही करून तारीखही टाकली.

बोट निघाली. नावाडी मागे, डॉक्टरबाई मध्ये, आणि पुढे गमबूट घातलेल्या दोन बायका शेजारी शेजारी. दोघींनाही उलटी झाली नाही. आत्या काठ लांब जाताना बघत होती.

"पोरी, अंघोळीला इतकं लांब न्यायचं असतं का त्यांना?" तिने डॉक्टरबाईंना विचारलं.

डॉक्टरबाईंना ते ऐकूच गेलं नाही. त्यांचं मन भरून आलं होतं. सकाळी शेडच्या दारात उभं राहून त्यांनी आत्याला डोकी बघताना पाहिलं होतं. इतक्या प्रेमाने तपासणी करणारी बाई सरकारात असू शकते, आणि आपण तिला फसवायला निघालोय! चार नंबरचा पिंजरा वाटेतच लागत होता. बोट त्याच्या कडेला टेकली आणि डॉक्टरबाईंचा बांध फुटला.

"बाई, एक नंबर बघू नका. हाच बघा," त्या आत्याचा हात धरून म्हणाल्या. "आमचे आकडे खोटे आहेत. चार महिने खोटे आहेत. सही माझी आहे. नोकरी जाईल म्हणून मी केली. पण खरे आकडे मी वेगळ्या वहीत लिहून ठेवलेत. ही वही घ्या. काय शिक्षा करायची ती मला करा."

आत्या गोंधळली. "अगं, मला कशाला सांगतेस? मी कोण शिक्षा करणारी? गल्लीतली आत्या मी. मी नोकरीसाठी आलेय. जाहिरात वाचून."

जाळीवर पाणी आपटत होतं. मग डॉक्टरबाईंनी, नावाड्याने आणि आत्याने हळूहळू मान वळवून दुसऱ्या बाईंकडे पाहिलं. तपासनीसबाई गमबुटावर वही टेकवून शांतपणे लिहीत होत्या.

"मला सांगा," त्या न बघताच म्हणाल्या. "आणि ती वही इकडे द्या."

डॉक्टरबाईंनी वही त्यांच्या हातात दिली. नावाड्याने टोपी काढली. तपासनीसबाईंनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, आणि मिटून आपल्या पिशवीत घातली. "खरं लिहून ठेवलंत, हे बरं केलंत," एवढंच त्या म्हणाल्या. "चला, मोजूया."

नावाड्याने जाळं ओढून वीस मासे वर काढले आणि गुंगीच्या औषधाच्या टबात सोडले. हातभर लांबीचे, चांदीसारखे. आधी उसळले, मग हळूहळू मंदावले आणि कुशीवर कलंडले.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "मासे?"

"माशांच्याच उवा, आत्या," डॉक्टरबाई नाक पुसत म्हणाल्या.

आत्याने आधी टबाकडे, मग लांब दिसणाऱ्या पिवळ्या इमारतीकडे पाहिलं. सकाळपासूनचं सगळं, पिंजरे, अंघोळ, दगावणं, एकेक करून तिच्या डोक्यात जागच्या जागी बसलं. सात मिशाळ डोकी आठवून तिला आधी हसू फुटलं. ते आवरेना. नावाडीही खो खो हसू लागला. "आणि मी तुला टाकून दिलेलं लेकरू समजले रे," आत्या डोळे पुसत म्हणाली.

"समजा की," नावाडी म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही."

मग आत्याने बाह्या वर केल्या. टॉवेल मांडीवर पसरला, पाण्याने भिजवला आणि एक मासा उचलून त्यावर आडवा घेतला. मासा गुंगीत होता. तोंड जरासं उघडत होता, मिटत होता. त्याच्या पाठीवर खवले निघून लाल चट्टे पडले होते. "काय दशा केलीय तुझी," ती पुटपुटली आणि त्याच्या अंगावरून बोटं फिरवू लागली.

"नऊ," डॉक्टरबाई तिच्या खांद्यावरून बघून म्हणाल्या.

"अकरा." आत्याने छातीजवळचा पर उचलला. त्याच्या खाली दोन बसल्या होत्या. "कानामागे बघायचं असतं नेहमी. तिथंच लपतात."

"माशांना कान नसतात, आत्या."

"नसू देत. लपायची जागा तीच."

डॉक्टरबाईंनी चार महिने न पाहिलेली जागा होती ती. त्यांनी बाकीचे मासेही तसेच बघितले. विसांपैकी सतरा माशांच्या पराखाली काही ना काही निघालं. तासाभराने बेरीज झाली तेव्हा सरासरी साडेआठ आली होती. तपासनीसबाईंनी स्वतः दोनदा मोजून पाहिलं. आत्याचा एकही आकडा चुकलेला नव्हता.

बोट परत आली तेव्हा साहेब धक्क्यावर उभे होते. डोक्यावर टॉवेल तसाच, हातात बिस्किटांची बशी. ते तपासनीसबाईंना ओलांडून थेट आत्यापाशी गेले.

"झाली ना बाई तपासणी? एक नंबर कसा वाटला?"

"मला काय विचारता?" आत्या म्हणाली. "नोकरी मिळाली की नाही ते सांगा."

साहेबांना काही कळायच्या आत मागून कुणीतरी त्यांच्या खांद्यावर टकटक केलं. तपासनीसबाईंनी एका हातात आपलं ओळखपत्र धरलं होतं आणि दुसऱ्या हातात फॉर्म, पाठीची बाजू वर करून. साहेबांनी स्वतःचं अक्षर वाचलं. स्वतःची सही वाचली. तारीखही वाचली. मग त्यांनी बशीतलं एक बिस्किट उचललं आणि स्वतःच खाल्लं.

चौथा पिंजरा त्याच आठवड्यात रिकामा झाला, बाकीच्या पाचांतली दाटी निम्मी झाली. साहेबांची बदली समुद्र दिसणार नाही अशा ठिकाणी झाली. डॉक्टरबाईंना एक कडक शब्दांचं पत्र आलं आणि त्यांची नोकरी टिकली. आत्याला नोकरी मिळाली. ती पुढे नऊ वर्षं मासे मांडीवर घेत राहिली, आणि तिच्या काळात त्या समुद्रावर कुणी आकडा कमी लिहिला नाही. आता म्हणे तिथे पाण्याखाली कॅमेरे लावलेत. मासा समोरून गेला की उवा आपोआप मोजल्या जातात. जुने कामगार मात्र अजून सांगतात की कॅमेऱ्याला पर उचलता येत नाही. आणि रविवारी दुपारी शेडमध्ये रांग लागायची तीही आता लागत नाही, म्हणतात.

पण त्या गुरुवारची थोडी गोष्ट राहिलीच. तपासनीसबाईंची परतीची बस साडेपाचला होती आणि कागदपत्रं चारलाच आटोपली. कामगार घरी गेले. त्या आत्याशेजारी शेडमधल्या खोक्यावर येऊन बसल्या, दोनदा घड्याळ बघितलं, खाकी पिशवीचा बंद बांधला, परत सोडला.

"ते मॅनेजर माझ्याशी बोलताना फार जवळ वाकले होते," त्या एकदम म्हणाल्या. "टॉवेल बांधलेला होता. पण म्हटलं, एखादी..."

"येऊ शकते," आत्या गंभीरपणे म्हणाली.

तपासनीसबाईंनी केसांतल्या पिना एकेक करून काढल्या आणि रांगेने खोक्यावर ठेवल्या. घट्ट बांधलेले केस सुटले तेव्हा ते चांगले कमरेपर्यंत आले. कित्येक वर्षांत ते दुसऱ्या कुणी हातात घेतले नसावेत. त्या खाली बसल्या, मागे टेकल्या, आणि आत्याच्या बोटांनी कपाळापासून सुरुवात केली तसे त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"दिसतेय का एखादी?" थोड्या वेळाने त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

आत्याने कानामागे पाहिलं, मानेवर पाहिलं, भांगाच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. केस अगदी स्वच्छ होते. बसला अजून तासभर होता.

"तीन दिसतायत," आत्या म्हणाली. "फार आत आहेत. वेळ लागेल."

बावीस वर्षांत प्रत्येक आकडा दोनदा मोजून घेणाऱ्या तपासनीसबाईंनी तो आकडा काही तपासून पाहिला नाही.